“नाव घेत नाही” : निवडणुकीच्या तोंडावर एका वाचनालयातली रविवार बैठक

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, सोयाबीनचा पट्टा. गावातलं सार्वजनिक वाचनालय जुनं आहे, सरकारी अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालतं. वृत्तपत्र विभागात दर रविवारी सकाळी बैठक भरते. तीस-चाळीस माणसं येतात. एकाने आठवड्यातला एखादा विषय मांडायचा, मग ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं, शेवटी चहा. येणारे जवळजवळ सगळे पुरुष आणि बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. त्यात निवृत्त शिक्षक, वकील, शेतकरी, एक अडत दुकानदार आणि अधूनमधून एखादा पत्रकार.

बैठकीत राजकारणच चालायचं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. सूर बदलला तो २०२२ नंतर. त्या वर्षी जूनमध्ये शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी जुलैमध्ये राष्ट्रवादी. आधी वाद परक्यांशी असायचा. आता ज्यांनी वर्षानुवर्षं एकाच पक्षाच्या सतरंज्या उचलल्या ती माणसं समोरासमोर आली, आणि त्यांना एकमेकांच्या घरातलं सगळं माहीत होतं.

१५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला, मोजणी २३ ला. नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी उरकत आली होती. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की माल परत. बैठकीला विषय शोधायची वेळच येत नव्हती.

ज्या दोघांभोवती हे प्रकरण फिरलं त्यांना इथे ‘गुरुजी’ आणि ‘शेठ’ म्हटलंय. त्यातला महायुतीचा कोण आणि आघाडीचा कोण हे मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की वाचणारा तिथेच निकाल लावून मोकळा होतो. मी बैठकीला जाणारा साधा सभासद, कार्यकारिणीत नव्हतो. नंतर दोघांशी आणि वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंशी सवडीने बोलणं झालं.

२७ ऑक्टोबरची बैठक

विषय होता सोयाबीनची सरकारी खरेदी, मांडणारे गुरुजी. गुरुजी कधी आवाज चढवत नाहीत. ‘सर्वांना नम्र विनंती’ अशी सुरुवात, मुद्दे कागदावर लिहिलेले. पहिली पाच-सात मिनिटं त्यांनी ऑनलाइन नोंदणी, ओलाव्याची अट आणि बारदान्याची टंचाई यांवर चांगलं सांगितलं. मग खिशातून मोबाइल काढला आणि त्यावर आलेलं एक कात्रण वाचून दाखवलं. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर स्वतःचाच माल खरेदी केंद्रावर घातला, अशी बातमी होती. आपल्या मतदारसंघातल्या एका उमेदवाराच्या जवळच्यांनी यंदा हेच चालवलंय, असं ते म्हणाले. मग चष्मा काढला, पुसला, आणि पुढचं वाक्य टाकलं. “आपल्यातलेही काही जण त्यात आहेत. मी नाव घेत नाही. मला कुणाला दुखवायचं नाही.”

त्या खोलीत अडत दुकान असलेला माणूस एकच होता.

शेठ उठले. “गुरुजी, नाव घ्या. दम असेल तर नाव घ्या.”

“शेठ, तुम्ही कशाला अंगाला लावून घेताय?”

मागून कुणीतरी म्हणालं, “खाई त्याला खवखवे.” खोली हसली. त्या हसण्यानंतर शेठचा तोल गेला. टेबलावर हात आपटला, दोन कप कलंडले, आणि जे बोलायला नको होतं ते बोलले. “तुमच्या पोराला संस्थेत कुणी चिकटवलं ते काढू का? किती मोजले ते सांगू का?” एका पोराने मोबाइल वर धरला आणि ‘सी-व्हिजिलवर टाकतो’ म्हणाला. आचारसंहिताभंगाच्या तक्रारीसाठी निवडणूक आयोगाने केलेल्या अॅपचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. पण ते नाव ऐकून अध्यक्ष घाबरले आणि बैठक आवरली.

पहिला निर्णय

त्याच संध्याकाळी कार्यकारिणी बसली. शेठना पुढच्या तीन बैठकांना बंदी, कारण ‘असभ्य वर्तन’. गुरुजींबद्दल इतिवृत्तात एकच ओळ लिहिली गेली, ‘गुरुजींनी संयमाने विषय मांडला’. शेठना बोलावून विचारलं नाही. गुरुजींकडे ते कात्रणही कुणी मागितलं नाही.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही वाटते, म्हणून इथे थोडं थांबतो. हा निर्णय वाईट हेतूने झाला नव्हता. शेठ ओरडले होते, ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि गुरुजींच्या मुलाचा विषय काढणं हे कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. पण कार्यकारिणीने मोजला तो फक्त आवाज. आधी आरोप कुणी केला, कशाच्या जोरावर केला आणि ज्याच्यावर केला त्याला उत्तर देण्याची सोय होती का, हे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत.

‘नाव घेत नाही’ या पद्धतीची गोम हीच आहे. नाव घेऊन आरोप केला तर समोरचा ‘खोटं आहे, पुरावा द्या’ म्हणू शकतो. नाव न घेता केला तर गप्प बसणं म्हणजे कबुली आणि उठून बोलणं म्हणजेही कबुली. बोलणारा मात्र सभ्यच राहतो. शिवाय गुरुजींची भाषा प्रमाण, शेठची मोंढ्यातली. आपल्याकडच्या सभांमध्ये प्रमाण भाषेत केलेली बदनामी ‘परखड विचार’ ठरते आणि बोलीत दिलेलं उत्तर ‘गोंधळ’ ठरतं.

निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता पक्षांना आणि उमेदवारांना लागू असते, वाचनालयातल्या बाकांना नाही. तरी तिच्या पहिल्याच भागातली विभागणी इथे कामाची आहे. टीका धोरण, कार्यक्रम, मागची कामगिरी आणि काम यांवर करावी. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेलं खासगी आयुष्य काढू नये. खातरजमा न केलेले किंवा विपर्यास केलेले आरोप टाळावेत. या फुटपट्टीने दोघेही चुकले, शेठ खासगी आयुष्याच्या कलमात आणि गुरुजी खातरजमेच्या. आवाज किती चढावा याबद्दल त्यात अक्षर नाही.

कात्रणाचा शोध

ताईंना ते कात्रण खटकलं. वर तारीख नाही, वर्तमानपत्राचं नाव नाही, आणि मथळ्याचा पहिला शब्द कापलेला. फोटोत बारदान्याचा ढीग आणि ट्रॅक्टरची रांग. ट्रॅक्टरमागची झाडं पार वाळलेली होती. ऑक्टोबरात मराठवाड्यात बांधावर अशी झाडं दिसत नाहीत, हा फोटो उन्हाळ्यातला आहे, असं त्यांचं म्हणणं.

तूर की सोयाबीन, एवढाच प्रश्न उरला होता. २०१७ च्या उन्हाळ्यात तुरीचं अमाप पीक आलं होतं. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये, बाजारात त्याहून खूप कमी, खरेदी केंद्रांवर बारदाना संपलेला. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या नावावर तूर घातल्याच्या तक्रारीही तेव्हाच्या. वाचनालयात जुन्या अंकांचे महिन्यावार गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले आहेत. ताईंनी एप्रिल-मे २०१७ चे गठ्ठे सोडले. तिसऱ्या वर्तमानपत्रात तोच फोटो, तीच बातमी सापडली. मथळ्याचा कापलेला शब्द होता ‘तूर’. बातमी दुसऱ्याच जिल्ह्यातली होती. आमच्या तालुक्याचा, यंदाच्या सोयाबीनचा किंवा इथल्या उमेदवाराचा तिच्यात उल्लेखच नव्हता.

गुरुजींनी ते कात्रण बनवलं होतं असं मला वाटत नाही. त्यांना ते कुणीतरी पाठवलं आणि त्यांच्या मनात आधीच असलेल्या गोष्टीला ते फिट्ट बसलं. म्हणून त्यांनी तपासलं नाही. उलट बाजूचं असतं तर तारीख पहिल्यांदा त्यांनीच विचारली असती, इतके ते चिकित्सक आहेत.

कोणते पर्याय होते

दिवाळीच्या गडबडीतच कार्यकारिणी पुन्हा बसली. ३ नोव्हेंबरच्या रविवारी भाऊबीज होती, त्यामुळे एक आठवडा आपोआप मिळाला.

पहिला पर्याय कार्यवाहांचा. मतदान होईपर्यंत बैठकच बंद ठेवायची. उद्या कुणी तहसीलला अर्ज केला आणि अनुदानावर गदा आली तर जबाबदार कोण? भीती अगदीच पोकळ नव्हती. पण बैठक बंद केल्याने वाद थांबत नाही, तो पानटपरीवर आणि मोबाइलवर जातो. तिथे २०१७ चा गठ्ठा सोडून बघणारं कुणी नसतं. शिवाय ज्यांच्याकडे माइक, गाड्या आणि बॅनर आहेत त्यांचं बोलणं बंद होत नाही. बंद होतं ते बैठकीतल्या शेतकऱ्याचं.

दुसरा, दोघांनाही सारखी शिक्षा. हा पर्याय ऐकायला फार न्यायी वाटतो आणि म्हणूनच बरेच जण त्याच्या बाजूला गेले. माझ्या मते तो सगळ्यात आळशी होता. ‘दोघंही तसलेच’ म्हटलं की काहीच तपासावं लागत नाही. इथे एकाने न तपासलेला आरोप पसरवला होता, दुसऱ्याने त्याच्या मुलाला मध्ये ओढलं होतं. चुका दोन आणि वेगवेगळ्या होत्या, त्यांची दुरुस्तीही वेगवेगळी करायला हवी होती.

तिसरा, बाहेरून तटस्थ अध्यक्ष आणायचा. यावर एक वकील हसले. तालुक्यात तटस्थ माणूस कुठून आणणार? बँक, दूध संघ, शाळा, बाजार समिती, कुठे ना कुठे प्रत्येक जण कुणाचा तरी आहे.

शेवटी बैठक चालू ठेवून पद्धत बदलायची असं ठरलं, तेही एका मताच्या फरकाने.

काय केलं

नियम फळ्यावर लिहिले गेले. आरोप करायचा तर नाव घेऊन करा, नाही तर विषय सोडा. ज्याचं नाव घेतलं त्याला लगेच तेवढाच वेळ. कात्रण किंवा व्हिडिओ दाखवायचा असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत ताईंकडे द्या, नाही तर बोलताना ‘हे ऐकीव आहे’ असं आधी सांगा. कुणाच्या घरचं काढायचं नाही. आणि उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगा. हा शेवटचा नियम वकिलांचा. आपल्याकडे शास्त्रार्थात पूर्वपक्ष मांडल्याशिवाय खंडन करता येत नव्हतं, हे त्यांनी अध्यक्षांना ऐकवलं. अध्यक्षपदही दोन्ही बाजूंना आळीपाळीने द्यायचं ठरलं.

आवाजाबद्दल नियम केला नाही. काहींना हवा होता. वकील म्हणाले, ज्याचं सोयाबीन परत आलंय तो हळू कसा बोलेल?

शेठची बंदी उठवली. दोघांकडून दुरुस्ती घ्यायची होती, आणि तिथे पुन्हा गाडी अडली. गुरुजींनी लिहून दिलं, ‘माझ्या बोलण्याने कुणाचं मन दुखावलं असल्यास दिलगीर आहे’. कार्यकारिणी समाधानी झाली. शेठ झाले नाहीत. “माझं मन नाही दुखावलं. माझं नाव खराब झालं.” हा फरक त्यांनी एका दमात सांगितला आणि तो कार्यकारिणीतल्या पदवीधरांना समजावायला ताईंना अर्धा तास लागला. शेवटी ताईंनी मूळ बातमीची झेरॉक्स आणि मोबाइलवरच्या कात्रणाची छापील प्रत शेजारी शेजारी सूचना फलकावर लावली. खाली एक ओळ लिहिली, ‘२७ ऑक्टोबरच्या बैठकीत वाचलेली बातमी २०१७ ची, तुरीची आणि दुसऱ्या जिल्ह्यातली आहे’. गुरुजींचं नाव त्यात नव्हतं. तरी गुरुजींना ते झोंबलं आणि १० तारखेच्या बैठकीला ते आले नाहीत.

शेठ आले, उभे राहिले. “गुरुजींच्या पोराबद्दल बोललो ते मागे घेतो. मला त्यातलं काही माहीत नाही.” आणि बसले. आजवर सार्वजनिक ठिकाणी ऐकलेल्या माफ्यांमध्ये मला ही बरीच वरची वाटते. ‘असल्यास’ नाही, ‘जर’ नाही, आणि आपल्याकडे पुरावा नव्हता याची कबुली.

नियमांत न बसलेली गोष्ट

१० नोव्हेंबरची बैठक जरा अवघडलेलीच सुरू झाली. विषय लाडकी बहीण. जुलैपासून महिन्याला १,५०० रुपये चालू झालेले. निवडून आल्यास महायुती २,१०० देणार, आघाडी ३,००० देणार. दोन्ही बाजूंनी नियम पाळले. कुणी कुणाचं घर काढलं नाही, पूर्वपक्ष मांडले गेले. आणि मग एका बाजूचा एक जण म्हणाला, बायकांची मतं दीड हजारात गेली. दुसऱ्या बाजूचा म्हणाला, आता तीन हजारात जातील. दोन्ही बाक मनापासून हसले. कित्येक महिन्यांनी दोन्ही गट एकत्र हसले होते, म्हणून अध्यक्षांनाही बरं वाटलं.

ताई काउंटरवर पुस्तकांच्या नोंदी करत होत्या. तिथूनच बोलल्या. “माझ्या घरात दोघी घेतात. आमचं मत दीड हजाराचं म्हणता, तर एक रुपयात पीकविमा घेतलेल्यांचं मत कितीचं? कर्जमाफीचं मत कितीचं?”

कुणी उत्तर दिलं नाही. फळ्यावरचा एकही नियम मोडला नव्हता. नाव घेतलं नव्हतं, खोटं कात्रण नव्हतं, दोन्ही पक्षांना समान न्याय होता. नियम बनवताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दोन गट होते, त्यामुळे नियमांनी सांभाळलं ते त्या दोन गटांना. जे खोलीत नव्हते, किंवा असूनही मोजले जात नव्हते, त्यांचा अपमान दोन्ही बाजू मिळून करत होत्या.

एका शेतकऱ्यानेच मग हिशेब मांडला. केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे नमो शेतकरीचे सहा, मिळून वर्षाला बारा हजार त्याच्या खात्यावर येतात. बायकोच्या खात्यावर महिन्याच्या दीड हजाराने वर्षाला अठरा येणार. बाराला हक्क म्हणायचं आणि अठराला लाच, हे आपल्यालाच पटत नाही, असं तो म्हणाला. योजना परवडणारी आहे का, निवडणुकीच्या तोंडावर का आणली, हे वाद त्यानंतरही झाले आणि व्हायलाच हवेत. फळ्यावर एक नियम वाढला, ‘मतदाराची लायकी काढायची नाही’. पुढच्या रविवारी बचत गटाच्या दोघी जणी आल्या. एक बोलली, दुसरी ऐकून गेली.

१७ आणि २४ नोव्हेंबर

१७ तारखेच्या दोन दिवस आधी केंद्राने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती. पूर्वपक्षाच्या नियमाची खरी परीक्षा त्या दिवशी झाली. एक जण म्हणाला, निर्णय चांगला आहे. दुसऱ्याला ‘उशिरा आला’ म्हणायचं होतं, पण आधी पहिल्याचं म्हणणं सांगणं भाग होतं. त्याने सांगितलं ते पहिल्याला दोनदा मान्य झालं नाही. तिसऱ्यांदा झालं, आणि तोवर दोघांच्याही लक्षात आलं की भांडण निर्णयाबद्दल नाही, ज्यांनी आधीच पडत्या भावाने माल विकला त्यांचं काय, याबद्दल आहे. त्यावर दोघांकडेही उत्तर नव्हतं. गुरुजी त्या दिवशी आले होते. एकदाच बोलले, तेही ‘हे ऐकीव आहे’ अशी सुरुवात करून. खोलीत जरा खसखस पिकली. त्यांनी मनावर घेतलं नाही.

निकाल शनिवारी २३ ला लागला. २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना. दुसऱ्याच दिवशी रविवार. कपाळावर गुलाल असलेली माणसं आली आणि चेहरा पडलेलीही आली. एकाने मशिनमध्ये घोळ असल्याचं म्हटलं, समोरून ‘रडे’ असा आवाज आला. अध्यक्ष त्या दिवशी जिंकलेल्या बाजूचे होते. त्यांनी ‘रडे’ म्हणणाऱ्याला बसवलं आणि तक्रार करणाऱ्याला पूर्ण वेळ दिला. या सगळ्या महिन्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ती. मग वकिलांनी कार्यपद्धती सांगितली. प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून ताडून पाहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत ५ टक्के यंत्रांच्या तपासणीचा अर्ज करता येतो. चर्चा ‘घोळ आहे की नाही’ वरून ‘आपला उमेदवार अर्ज करणार का’ इथवर आली. शंका मिटली नाही, पण ती कुठे न्यायची हे तरी कळलं.

माणसं मात्र कमी झाली. दोन-तीन जुने सभासद उघड म्हणाले, पूर्वीची मजा गेली. ते खोटं नाही. टोमणा मारणाऱ्याला आणि तो ऐकून हसणाऱ्याला जी मजा मिळायची, ती या पद्धतीत मिळत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णय त्याच संध्याकाळी घ्यायला नको होता. दोन दिवस थांबले असते तर कात्रणाचा उलगडा आधी झाला असता आणि बंदीची वेळच आली नसती. ‘खाई त्याला खवखवे’ म्हणणाऱ्याला आणि हसणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही, आजही नाही. शेठचा तोल त्या हसण्याने गेला होता. अध्यक्षांनी तिथेच ‘गुरुजी, एक तर नाव घ्या नाही तर वाक्य मागे घ्या’ म्हटलं असतं तर टेबलावर हात पडलाच नसता.

खातरजमेचा सगळा भार ताईंवर पडला. अनुदानित वाचनालयातल्या ग्रंथपालाचं मानधन किती तुटपुंजं असतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि शनिवारच्या संध्याकाळी गठ्ठे सोडणं त्यांच्या कामात कुठे लिहिलेलं नाही. कात्रण आणणाऱ्यानेच मूळ अंक शोधून आणावा, ताईंनी फक्त पाहावा, असं ठरवायला हवं होतं. तो बदल अजून झालेला नाही.

नगरपरिषदेच्या निवडणुकीचं बोलणं सुरू झालं तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. विधानसभेचा उमेदवार बैठकीत बसत नसतो. वॉर्डाचा उमेदवार शेजारच्या खुर्चीवर असतो. ज्याने अर्ज भरलाय त्याने किंवा त्याच्या घरच्याने अध्यक्षपद घ्यायचं नाही, एवढं तरी ठरलंय.

गुरुजी आणि शेठ आता एकमेकांना नमस्कार करतात, चहाला मात्र वेगवेगळ्या टोकांना उभे राहतात. इतिवृत्तातली ‘संयमाने विषय मांडला’ ही ओळ वगळावी असा शेठचा लेखी अर्ज आहे. कार्यवाह म्हणतात, मंजूर झालेलं इतिवृत्त खोडता येत नाही, नवा ठराव करता येतो. ते बरोबर आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे तो ठराव ठेवा, असं मी कार्यवाहांना सुचवलंय. २७ ऑक्टोबरच्या नोंदीत आवाज लिहिला गेला आणि आरोप राहून गेला, एवढंच त्यात यावं.